हन्नाबाईचं तट्टू

हे मी माझ्या बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही हन्नाबाईला ओळखत नव्हता.

जुन्नरात आमची बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं मोजकीच. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. हन्नाबाई आमच्यातलीच, विधवा. नवऱ्यामागं एक तट्टू राहिलं होतं, ते भाड्यानं देऊन ती पोट भरायची. मी तेव्हा तरणा, बाजार फिरून तेल विकायचो. एका उन्हाळ्यात मी ते तट्टू घाटाच्या अलीकडच्या मढ गावापर्यंत न्यायला मागितलं.

"मढाच्या पुढं नेऊ नको, भाऊ," ती म्हणाली. "घाटात त्याचा पाय टिकत न्हाई."

मी हो म्हणालो. आणि पुढं नेलं. का? मढात तेल खपत नव्हतं असंही नाही. खाली कोकणात भाव बरा मिळतो असं कुणी म्हणालं — एवढंच. माळशेजच्या उतारावर एका वळणाला त्याचा मागचा पाय घसरला आणि तेलाच्या बुधल्यांसकट ते दरीत गेलं. लगेच मेलं नाही — हेही सांगायला हवं. मी ऐकत उभा राहिलो. खाली उतरलो नाही.

मी घाटात गेलो हे लपणार नव्हतं, मढच्या माणसांनी पाहिलं होतं. हन्नाबाईनं तट्टूची भरपाई मागितली. गोष्ट शालोमबाबांपुढं गेली. आमचं धर्मशास्त्र जाणणारे तेच. त्यांनी सगळ्यांदेखत समजावलं — सपाटीसाठी भाड्यानं घेतलेलं जनावर डोंगरात नेलं, तर करार मोडलाच. आता ते घसरून मेलं असेल तर भरपाई नेणाऱ्यानं द्यायची, कारण तो धोका डोंगराचा. पण उन्हानं तापून मेलं असेल तर नाही. डोंगरावर वारा असतो; तिथं तापलं ते सपाटीवरही तापलंच असतं.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घसरलं का तापलं?"

"तापलं."

बस, एवढं बोललो. माझ्या बापाचं नाव चांगलं, म्हणून बाबांनी मला शपथही घातली नाही. का घातली नाही? मला आजही त्यांचा संताप येतो — आणि त्यांच्यावर संतापणारा मी कोण?

हन्नाबाई हळूच म्हणाली, "त्ये लई ऊन सोसायचं, बाबा. उन्हानं कसं मरंल?"

मी ताडकन उठलो. मला खोटा ठरवता? मरायला टेकलेलं जनावर माझ्या गळ्यात घातलंत, माझं तेल घाटातच टाकून यावं लागलं, ते कोण देणार? असं वाट्टेल ते बोललो. आणि तो राग नाटकी नव्हता हो — त्याचीच तर किळस येते. ती खरं बोलत होती, म्हणूनच मला तिची मनापासून चीड आली. बसलेली माणसं माझ्या बाजूनं झाली. तिला म्हणाले, माफी माग. तिनं पदर पसरून माझी माफी मागितली. मी दिली. दिली मी!

तट्टू गेल्यावर ती घरोघरी दळणकांडण करू लागली. आमच्याकडंही यायची. माझ्या आईनं तिची मजुरी कमी केली — माझ्या पोरावर आळ घेतलास म्हणून. मी तिथंच जेवत बसलो होतो. आईला अडवलं का मी? नाही. मी भाकरी मागून घेतली.

सांगायला वर्षं होती माझ्याकडं. ते तट्टू घसरलं, हे तिच्या ओट्याशी जाऊन म्हणायला किती वेळ लागला असता?

ती गेली तेव्हा मी खांदा दिला. दफन करून परतताना शालोमबाबांच्या मुलानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "तिनं तुझ्यावर आळ घेतला, तरी तू आलास. मन मोठं आहे तुझं."

मी मान खाली घातली. त्याला तो माझा नम्रपणा वाटला. मी वाटू दिला.