न विचारता आत जाणारी बाई

बाबा गेल्यावर आईला मी अकोल्याहून अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. थोडे दिवस बरे गेले. मग एका दुपारी खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात उभी. चेहरा असा, की घरात साप निघाला असावा. म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईंना जरा कोणाला तरी दाखवून घ्या."

झालं होतं एवढंच. तिच्या घरी कुरड्या चालल्या होत्या आणि दार नुसतं लोटलेलं होतं. आई चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या हातातून दांडा घेऊन चीक ढवळायला लागली. बाई किंचाळलीच म्हणे.

"ओळख ना पाळख, शिरलीस कशी तिच्या घरात?" मी आईवर ओरडले.

"तिच्या चिकात गाठी होऊन राहिल्या होत्या. मंग का पाहत बसू?"

अकोल्याच्या आमच्या गल्लीत असंच होतं. कोणाकडे कुरड्या म्हटलं की बाया न बोलावता जायच्या. मुद्दाम बोलावणं धाडलं तर उलट रुसायच्या. पण हे इथे सांगणार कोणाला? संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आलंच: 'ज्येष्ठांच्या मानसिक स्थितीकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.' खाली हात जोडलेलं चित्र. अस्सा राग आला! माझ्या आईला वेड्यात काढतात, मेले.

राग खरा होता, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मी आईवर पाळत ठेवायला लागले. भाजीत मीठ जास्त पडलं, का पडलं? भांडी घासताना पुटपुटते, कोणाशी बोलते? आज वार कोणता, हे मी सहज विचारल्यासारखं विचारायची. चष्मा शोधताना दिसली की मी मोजायची, आज कितव्यांदा.

"काय पाहून राहिली वं माह्याकडे? मले का शिंगं फुटले?" एकदा तिनेच पकडलं.

शेवटी नेलं डॉक्टरकडे, बीपी तपासायचा म्हणून. त्यांनी बराच वेळ गप्पा मारल्या, आणि मला आत बोलावून सांगितलं की काही आजार नाही, गोळीची गरज नाही. मला पटलंच नाही. आई तिथे शहाण्यासारखी बोलली असेल, असं वाटलं. घरी येऊन मी फोनवर बहिणीला म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही." मागे वळले तर आई उभी. तशीच मागे फिरली.

त्या दिवसापासून तिने बाहेर जाणं सोडलं. आतून कडी लावून बसायची. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, "उघडू का?" आपल्याच लेकीच्या घरात! मला रडू यायचं. आणि ती शेजारीण जिन्यात भेटून खुशाल म्हणते, "आता छान नॉर्मल वाटतात हो. गोळ्या लागू पडल्या वाटतं." कसल्या गोळ्या न् कसलं काय!

म्हटलं, अकोल्याला नेऊन आणावं, चार दिवसांत खुलेल. जुन्या गल्लीत शिरलो. समोरच्या घराचं दार सताड उघडं. तिथली काकू म्हणजे आईची जन्माची मैत्रीण. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं केलेली. आई ओट्यावर चढली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. भिंतीवर हात फिरवत मला हळूच म्हणाली, "बेल कुठी हाय वं?"

काकूने आतून पाहिलं आणि खो-खो हसली. "कावं, पावण्यावानी काहून उभी? डोकं फिरलं का तुहं?"

आईने माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाह्य," ती म्हणाली, "इथंबी समजलं."