पंचांगावर चाललेला इंजिनाचा वर्ग

"पंचांगावर? अहो मास्तर, सरकारी अभ्यासक्रम तुम्ही पंचांगावर चालवता?"

तपासणीला आलेले साहेब असे ओरडले की वसईच्या किल्ल्यावरचे कावळे उडाले ते थेट उमेळ्याला जाऊन बसले. मी पाचूबंदरच्या त्या रिकाम्या खोलीत शांत उभा. मध्ये डिझेल इंजिन, बाकांवर एकही माणूस नाही. बाहेर अमावस्येचं उधाण.

"वर्ग भरलाय साहेब," मी म्हणालो. "पण पाण्यावर."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मच्छीमारांच्या होड्यांवर नवीन इंजिनं बसत होती आणि ती दुरुस्त करायला शिकवणारा मी एकटा. मी वाडीतला किरिस्ताव. केळी, पानवेल हे आमचं जग. समुद्र घरापासून हाकेवर, तरी त्यातलं मला काडीचं कळत नव्हतं. वेळापत्रक छापून आलं होतं वरून, सोमवार ते शनिवार, दहा ते पाच. कारखान्यात जाणाऱ्या पोरांसाठी ते झकास. इथे मात्र पहिल्या आठवड्यात खोली गच्च आणि दुसऱ्यात मी आणि एक मांजर. मांजरीला मी कार्बोरेटरपर्यंत शिकवलं, डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो याची आठवण तिनंच मला करून दिली.

मग एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, मला समजावलं. त्यांची जाळी पाण्यात खुंटाला बांधलेली असतात. पाण्याला ओढ असली तरच ती फुगतात, मासळी शिरते. अमावस्या-पौर्णिमेला ओढ जबर, तेव्हा सगळे दर्यात. अष्टमीपासून एकादशीपर्यंत पाणी मंद, त्याला म्हणतात भांग. तेव्हा सगळे घरी.

मी त्याच दिवशी पंचांग आणलं. घरी अल्तारीशेजारी, म्हणजे आमच्या देव्हाऱ्याशेजारी, टांगलं तर आई कडाडली, "किरिस्तावाच्या घरात एकादशी?" म्हटलं, आई, एकादशी धरत नाही, वर्ग धरतो. छापील वेळापत्रक फाडलं, भांगाला सकाळ-संध्याकाळ वर्ग लावले, रविवारसुद्धा. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकली म्हणून फादरांनी जाब विचारला, त्यांनाही तेच सांगितलं.

हे सगळं त्या रिकाम्या खोलीत साहेबांना सांगितलं, पण त्यांना नाही पटलं. "दहा ते पाच, नाहीतर वर्ग बंद, इंजिन परत!"

इंजिन परत गेलं असतं तर भरसमुद्रात बंद पडलेल्या होड्या ओढायला मांजर जाणार होती काय? मीही आवाज चढवला. "अष्टमीला या. खोली रिकामी दिसली तर इंजिन मीच डोक्यावर घेऊन तुमच्या कचेरीत आणून ठेवतो."

अष्टमी आली रविवारी. साहेब चडफडत आले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत माणसं, दारात माणसं, एक तर माझ्याच टेबलावर. इंजिनाचा तुकडा न् तुकडा सुटा करून चटईवर मांडलेला, आणि म्हातारा तांडेल तेलात कोपरापर्यंत.

साहेबांनी दारातूनच बोटानं माणसं मोजली. मग घसा खाकरला.

"बरं. वर्ग चालू राहू दे." आणि लगेच अधिकार आठवून तांडेलाकडे वळले, "पण येत्या पौर्णिमेला आमचे मोठे साहेब मुंबईहून पाहायला येणार. त्या दिवशी सगळ्यांनी इथे हजर राहायचं."

तांडेलानं मानही वर केली नाही.

"पुनवेला नाय जमनार."