‘येतो हं, आजी’

दादरच्या घरातला माळा आवरताना चहाचा जपानी डबा सापडला. रिकामा, पण वाळल्या गवताचा वास तसाच. माझं डोकं पुन्हा फिरलं!

पंचवीसेक वर्षांपूर्वीची ग्रुप टूर. क्योतोजवळच्या खेड्यात एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला चहा पाजला. निघताना आमचे हे सवयीने म्हणाले, “येतो हं, आजी.” आमच्या मराठी गाइडने तेच जपानीत सांगितलं.

आजींनी विचारलं, “कधी?”

बसमधून सगळे “चला, चला” ओरडत होते. मी म्हटलं, “अहो, नुसती बोलायची पद्धत आहे, सांगा ना!”

हे गंभीरपणे म्हणाले, “पुढच्या वर्षी.” आजींनी वाकून हा डबा दिला.

आज तो टाकायला काढला, तर हे खेकसले, “ठेव तो! आजींकडे रिकामा न्यायचा नाही. लाडू कर.”