मुकी मिरची

मिरचीचा हंगाम भरात असताना आत्या तापातून उठली आणि तिला वास येणं बंद झालं. फोडणीचा ठसका लागला की मला ते आठवतं. धर्माबादच्या मिरची बाजारात ती माल पारखायची. मिरची मोडून हुंगायची, ओला माल बाजूला काढायची. नाक चालत नसेल तर तिला कामाला ठेवणारा अडत्या दुसरी बाई बघणार होता. डॉक्टर म्हणाले, वास ओळखणाऱ्या पेशी नाकात अगदी वर असतात, त्या दुखावल्यात. मिरचीची आग वेगळ्या नसेतून मेंदूकडे जाते. "म्हंजे ठसका हाय, वास न्हाई. मग कानानं बघते," आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पोत्याच्या वरची आणि मग तळाची मूठभर मिरची काढून कानाशी हलवली. वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळतं. अडत्या हसला, "काय मावशी, मिरची गानं म्हनती का?" "वरची म्हनती. तळाची मुकी हाय. नाक बंद हाय माझं, कान चालू हाय." त्याने तळाची मिरची मोडली. आत पांढरी बुरशी होती. आज मी तिच्या घरी आहे. वास अजून परतलेला नाही. आत्या सकाळीच माल पारखायला बाजारात गेली आहे.