मामूंची सुरमई आणि जपानी खिळे

दुसऱ्याचं हरणं ज्याला अजिबात सोसत नसे असा खेळ चालवणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो कुवेतमध्ये आमच्या मेसचा खानसामा होता. ते रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना मामू म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले फोरमनसुद्धा. मामूंना दोनच गोष्टींची आवड, सुरमई आणि भांडण. त्यामुळे कुवेत शहरातल्या शर्कच्या मासळीबाजारात ते रमत. तिथेच एका जपानी आचाऱ्याशी त्यांची दोस्ती झाली. समुद्रात तेल शोधायला जपानी लोक आले होते, त्यांच्या तळावरचा हा आचारी. त्याला जपानीखेरीज काही येत नव्हतं आणि मामूंना जपानी सोडून सगळं येत होतं. पण माशाचे कल्ले उघडून दोघं एकाच वेळी नाक मुरडत, तेवढ्यावर दोस्ती टिकली.

तळावर करमणुकीची नवी यंत्रं आली तेव्हा त्याने एक जुनं मामूंना देऊन टाकलं. भिंतीवर टांगायची काचेची उभी पेटी, आत खिळ्यांचं रान. अंगठ्याने खटका मारला की पोलादी गोळी वर उडते आणि खिळ्यांवर ठेचकाळत खाली येते. वाटेतल्या भोकात शिरली तर जिंकलात, तळाशी गेली तर गेली. जपानात याला पाचिंको म्हणतात. आमच्याकडे 'मामूंचं मशीन'.

शुक्रवारी मामू जुम्म्याची नमाज पढून आले की जेवणाआधी डाव. प्रत्येकाला वाटीभर गोळ्या फुकट. वरच्या भोकात गोळी गेली तर सुरमईची मधली तुकडी, बाजूच्या भोकांना पापड, नाहीतर शेपटाकडचा तुकडा आहेच. पैशाचं नाव काढलं की मामू पळी उगारत. "पैसा लावला तर जुगार, बाबा. मासा लावला तर नुस्ती भूक."

आता मशीनचं नशीब होतं मामूंच्या अडकित्त्यात. ज्याला घरून पत्र आलं नसेल, साहेबाने झापलं असेल, त्याची पाळी आली की मामू म्हणत, "थांबा, मशीन तापलाय." मग काच उघडून अडकित्त्याने वरच्या भोकापाशी दोन खिळे हळूच फाकवत. तो गडी हमखास जिंके, आणि त्याची पाळी झाली की खिळे पुन्हा जागेवर. हे सगळ्या मेसला ठाऊक होतं, मला सोडून. मी मीना अल-अहमदीच्या तेलबंदरावर ड्राफ्ट्समन. माझी समजूत अशी की मी अंगठ्याच्या कोनामुळे जिंकतो. त्यावर मी मेसमध्ये आकृती काढून व्याख्यानही दिलं. मामू पुढे बसून मान डोलावत होते. मग तो कोन घेऊन मी जपानी तळावर खेळायला गेलो. तिथलं मशीन मला ओळखत नव्हतं. वाटी रिकामी झाल्यावर त्या आचाऱ्याने मला उकडलेलं अंडं दिलं, लहान मुलाची समजूत काढतात तसं. परत आल्यावर मामू म्हणाले, "तिथलं मशीन थंड असेल, सायब." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मला घरची आठवण येते, हे मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मामू स्वतः शेवटी खेळत आणि कधीच जिंकत नसत. आपल्यासाठी खिळा वाकवणं म्हणजे चोरी. त्यामुळे एवढी वर्षं सुरमई आणून, तळून हा माणूस शेपूट खात होता. "एकदा जिंकून खाईन," म्हणत.

मग ते कायमचे गावी निघाले. शेवटच्या शुक्रवारी ते नमाजेला गेले आणि मी अडकित्ता उचलला. दोन खिळे वाकवायला ड्राफ्ट्समनला काय लागतं?

मामू खेळायला लागले. गोळी वर जाई, माझ्या खिळ्यांवर आपटे आणि दूर उडे. वाट रुंद करायच्या नादात मी ती चिमटीसारखी आवळली होती. शेवटची गोळी बरोब्बर त्या दोन खिळ्यांमध्ये आली आणि तिथेच बसली. आतही नाही, खालीही नाही.

मामूंनी काचेला नाक लावलं. "हे कुणी केलान?"

"मी. तुम्ही जिंकावं म्हणून."

"आकृती काढलीवती काय, सायब?"

मेस हसली. कोणीतरी मशीन हलवायला उठला, त्याचा मामूंनी हात धरला. "गोळी पडली नाय, म्हंजे मी हरलो नाय. डाव चालू हाय."

"आणि तुकडी?" कुणीतरी विचारलं.

"निकाल लागेस्तवर अर्धी माझी, अर्धी मशीनची. मशीनला दात नायत, त्याची सायब खातील."

पहिला घास त्यांनी फार सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "मीठ कमी हाय." इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्यांना हे सांगितलं नव्हतं.

मामू बोटीने गेले. त्यानंतर मशीनवरची धूळ आम्ही फुंकरीने उडवत असू. फडका लावायची कुणाची छाती झाली नाही. वरचं भोक अडलेलं, म्हणून मधली तुकडीही कुणाला मिळेना. पण कुणी कुरकुरलं नाही. मी कुवेत सोडलं तेव्हा गोळी तिथेच होती, आणि तिकडे रत्नागिरीकडे कुठेतरी मामू अजून हरले नव्हते.