न धावता मिळालेलं बक्षीस

मंडळी, माझी रानू नऊ वर्षांची आहे. तिचे हातपाय एकमेकांचं ऐकत नाहीत, चालताना तोल जातो. पूर्ण पावसाळा मी तिला रोज शाळेआधी धानाच्या बांधीतल्या अरुंद धुऱ्यावरून, मातीच्या बांधावरून, चालवलं. कितीदा चिखलात पडली! आता पाण्यानं भरला गडवा हातात धरून ती धुरा पार करते.

आज शाळेत लिंबू-चमचा होता. रानू चमचा घेऊन रेषेवर उभी राहिली. मॅडमनी तिला खुर्चीत नेऊन बसवलं. "पडली तर जबाबदार कोण?"

वरून बाकीच्यांच्या चपला सांभाळायला दिल्या. शेवटी स्टेजवर बोलावून 'उत्तेजनार्थ' बक्षीस दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना रानू म्हणाली, "आई, मी तं धावलीच नाही. मंग हे बक्षीस कायचं?"

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होती.