दोतोरीणबाय आणि लोहाच्या गोळ्या

पहिल्या बाळाच्या वेळी बायकोच्या लोहाच्या गोळ्या मी तिला रोज चहाबरोबर दिल्या. चहा मीच करायचो आणि नवरा असावा तर असा, हेही मीच म्हणायचो.

डिचोलीच्या आमच्या दोतोरीणबाय, म्हणजे डॉक्टरबाई, नमस्काराआधी माणसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. आत लाली किती, ते पाहायला. बाजारात, बसमध्ये, जत्रेतसुद्धा. एकदा भर मांडवात त्यांनी नवरीचाच डोळा ओढला. भटजी मंत्र विसरले. खाणीशेजारच्या पाळी गावच्या आम्हा लोकांना म्हणायच्या, "पायांखाला लोखंडाची खाण, आनी रगतांत कांय ना!"

दिवस भरत आले तरी बायकोचा डोळा पांढराच.

"गोळ्यो घेता मगे?"

"घेतंय तर! हेच देतत, च्याबरोबर," बायको कौतुकाने म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, च्या लोखंड आंगाक लागूक दिना. गोळी तुमीच दिली आनी तुमीच फुकट घालयली."

गोवा नुकतं राज्य झालेलं. कोकणी-मराठीच्या वादावर मी कुठेही उभा राहून बोलायचो. त्या खोलीत मी दोन्ही भाषांत चालेल असा एकच शब्द बोललो, "चुकलो."

"आता लिंबाच्या उदकाबरोबर दिल्यो तरी वेळ लागतलो. बाळंतपणात रगत भायर वचता. हिच्याकडे घालवपाक आसा खंय?"

म्हणून शिरेतून लोह द्यायचं ठरलं. एखाद्याला ते सोसत नाही, म्हणून आधी थोडंसंच सोडून बाई तिचं मनगट धरून बसल्या. बाटलीतलं औषध खाणीतून वाहून आलेल्या पाण्यासारखं तपकिरी. बायको बाईंशी खतखत्यात काय काय घालावं यावर गप्पा मारत होती. तो रंग नळीतून तिच्या हाताकडे उतरताना बघून मीच स्टुलावरून खाली आलो.

"पेशंट बरी आसा," बाई नर्सला म्हणाल्या, "घोवाक उदक दी."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची खोड मात्र मला लागली. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा नमस्कार घ्यायच्या आधी मी त्याची पापणी ओढली. तो अजून माझ्यापासून हातभर लांब बसतो.

त्या पहिल्या बाळंतपणाच्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात देवांची नावं घेत होतो. गावचे संपले, तेव्हा शेजारच्या गावचे घेतले. शेवटी दार उघडलं. बाईंच्या हातात मुलगी, आणि पलीकडे खाटेवर बायको चक्क हसत होती. रक्त गेलं तेवढं गेलं, तिला पुरून उरलं होतं.

मला एकदम बापपण चढलं. "बाई, कोणासारखी दिसते? माझ्यासारखी की आईसारखी?"

"आवयसारकें," बाई म्हणाल्या. "नशीब चेडवाचें!"